कशावरून?

"काका, पाय जपून. तट ओला आहे अजून."

बजावणारा किल्लेदार फार तर सात वर्षांचा असेल. नरकचतुर्दशीची सकाळ आहे. अंगाला उटण्याचा वास, नव्या झब्ब्याच्या बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या आणि त्याखाली दोन्ही हात मातीने माखलेले. पार्किंगमध्ये दोन स्कूटरींच्या मधल्या जागेत विटा, दगड आणि गोणपाट रचून त्याने डोंगर उभा केलाय. उतारांवर हळीव तरारून आलंय. माथ्यावर महाराज सिंहासनावर बसलेत आणि त्यांच्या उजव्या हाताला एक निळं प्लास्टिकचं विमान आहे.

"कुठला किल्ला हा?" सर विचारतात.

"आमचा."

"ते झालं रे. नाव काय याचं?"

"नाव आत्या ठेवणार. भाऊबीजेला येणारे ती."

आम्ही तिघे परीक्षक एकमेकांकडे बघतो. सर निवृत्त इतिहास शिक्षक आहेत. पुण्यातल्या पेठांमधली निम्मी माणसं आपल्या हाताखालून गेली, असं त्यांचं म्हणणं असतं आणि ते फारसं खोटं नसावं. ताई आर्किटेक्ट आहे, सुट्टी मिळाली की सह्याद्रीत पसार होते. मी इतिहासावर अधूनमधून लिहितो, तेवढ्या भांडवलावर मला बोलावलंय. मंडळाने दिलेल्या गुणपत्रिकेवर पाच रकाने आहेत: मूळ किल्ल्याशी साम्य ३०, ऐतिहासिक माहिती ३०, कल्पकता २०, पर्यावरणपूरक साहित्य १०, सादरीकरण १०. मूळ किल्लाच नसेल तर साम्य कशाशी ताडायचं, हे पत्रिका छापणाऱ्याच्या डोक्यात आलेलं दिसत नाही.

"हा बुरूज इथेच का बांधलास?" मी विचारतो.

"इथून लिफ्ट दिसते. आणि गेटपण. शत्रू आला तर दोन्हीकडूनच येणार ना?"

ताई उकिडवी बसते, बुरुजाच्या पातळीवर डोळा आणते आणि मान डोलावते. "दिसतं खरंच."

"आणि विमान?"

"टेहळणीला."

सर हसू दाबत पहिल्या रकान्यात रेघ मारतात आणि कल्पकतेच्या रकान्यात भरभरून लिहितात. शिवकाळात विमान नव्हतं हे पोराला ठाऊक नसेलच असं नाही. पण बुरूज शोभेसाठी नसतो, तिथून काहीतरी दिसायला लागतं, हे त्याला कुणी न सांगता उमगलंय.

मंडळाचा कार्यकर्ता स्कूटर सुरू करून घाई करतोय. यादी लांब आहे, आणि यंदा ती जरा वेगळीही आहे. एरवी पुण्यातल्या अंगणांमध्ये प्रतापगड, रायगड आणि सिंहगड यांचीच चलती. पण जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि मुलांच्या हाती एक नवी यादीच आली: साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि तमिळनाडूतली जिंजी. शाळेत बाईंनी ती पाठ करून घेतलीय. तीन-चार ठिकाणी फलकावर ती जशीच्या तशी उतरलेली दिसते, एके ठिकाणी तर शेजारी किल्ला सिंहगडाचा आहे, जो त्या यादीत नाही.

वाड्याच्या चौकात सिंधुदुर्ग आहे. कपडे धुवायच्या मोठ्या टबात पाणी, मधे दगडगोट्यांचं कुरटे बेट आणि त्यावर वाकडीतिकडी तटाची रेघ. सांगणारी मुलगी दोन वेण्यांची, एका दमात बोलणारी. २५ नोव्हेंबर १६६४ ला बांधकाम सुरू झालं, पायात शिसं ओतलं, आत दूधविहीर, साखरविहीर आणि दहीविहीर.

"दरवाजा कुठाय?" सर टबाभोवती फिरत विचारतात.

"आहे. पण तुम्हाला दिसणार नाही."

"म्हणजे?"

"खरा दरवाजापण बाहेरून दिसत नाही. मालवणला आजोबांनी होडीतून दाखवला, तर मला अगदी जवळ जाईपर्यंत कळलाच नाही. मग मी इथेपण लपवलाय."

सर हट्टाला पेटतात. चष्मा कपाळावर, नाक जवळजवळ पाण्यात. दोन बुरुजांच्या मधे तट आत वळलाय, त्या वळणात काडेपेटीएवढं दार सापडतं. चौकात टाळ्या पडतात. ताई विचारते, "चारी बाजूंनी खारं पाणी, मग विहिरीत गोडं कसं?" वेण्या थबकतात. "ते मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, देवाची कृपा." क्षणभर थांबून ती पुढे म्हणते, "पण ते मला नीट उत्तर वाटलं नाही." ताई खाली बसून तिला बेटावर पडणारं पावसाचं पाणी खडकात कसं मुरतं, जड खाऱ्या पाण्यावर ते कसं तरंगून राहतं, हे टबातच बोट बुडवून समजावते. कार्यकर्ता घड्याळ दाखवतो.

पुढच्या गल्लीत राजगड. बहीण-भाऊ, ती नववीत आणि तो सहावीत. अंगणाचा एक कोपरा पूर्ण व्यापलाय. हा किल्ला पाहताच ताईचा चेहरा बदलतो. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आपापल्या दिशेला पसरल्यात, मधे बालेकिल्ला उंच उठलाय. सुवेळेच्या कातळात आरपार भोक पाडलंय, ते नेढं. संजीवनीवर दुहेरी तटबंदी आहे, आतला बुरूज बाहेरच्या बुरुजाच्या पोटात.

"हा चिलखती बुरूज," भाऊ सांगतो. "शत्रूने बाहेरचा पाडला तरी आतला उरतो."

"तिथे गेला होतात?"

"बाबांबरोबर. दोन भिंतींच्या मधल्या वाटेने चाललो. मोबाईलवर व्हिडिओ काढला, त्याच्यावरून केलंय."

माहितीचा फलक चोख आहे. रायगडाआधीची राजधानी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात तेवीस किल्ले मोगलांना गेले, बारा राहिले, त्यांत हा. १६७० मध्ये राजाराम महाराजांचा जन्म इथलाच. सर एकेक ओळ बोटाने तपासत खाली येतात. कुठेच अडत नाहीत. मग पॅड काखेत धरून विचारतात, "गडावर शिबंदी किती असेल? शेकड्यांनी धरू. ती प्यायची काय?"

भाऊ पद्मावती तळ्याकडे बोट दाखवतो. बालेकिल्ल्यावरचं चंद्रतळं दाखवतो. संजीवनीवरची टाकी दाखवतो, त्यात निळी रांगोळी भरलेली.

"इतकी ठिकाणं कशाला? एक मोठं तळं पुरे की."

दोघं एकमेकांकडे बघतात. बहीण म्हणते, "एक आटलं तर?"

"का आटेल?"

"उन्हाळ्यात." ती बालेकिल्ल्याकडे बघत राहते. "आणि शत्रूने माची घेतली तर बालेकिल्ल्यावरच्यांना खाली येता येणार नाही. वरचं पाणी वरच पाहिजे."

सरांना हेच ऐकायचं होतं. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातलं दुर्गांचं प्रकरण ते मुलांना उभ्याउभ्या सांगायला लागतात. आधी पाणी बघावं, मग गड बांधावा, हा त्यातला दंडक. एका झऱ्यावर विसंबू नये, कारण लढाईत तोफांच्या आवाजाने झरे कमी होतात आणि नेमकं तेव्हाच पाणी जास्त लागतं. म्हणून साठवणीची टाकी वेगळी, तीही जपून राखायची. दारूखाना राहत्या घरांजवळ ठेवू नये. गडावर केरकचरा टाकू नये, तो जाळून राख परसात घालावी आणि भाजी पिकवावी. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, शिवाजीमहाराजांपासूनचा अनुभव गाठीशी असलेल्या माणसाने हे लिहून ठेवलंय.

"तुमचा दारूखाना कुठाय?" सर विचारतात.

भाऊ सदरेला चिकटून असलेल्या खोलीकडे बघतो, कागदी पाटी उपटतो आणि माचीच्या टोकाला नेऊन रोवतो. "आत्ता बदललं तर चालेल ना?"

"मार्क देऊन झालेत," सर गंभीरपणे म्हणतात. मग पेन काढून दोन वाढवतात.

दुपारी उन्हं तापल्यावर आम्ही एका मोठ्या गृहसंकुलात पोचतो. क्लबहाऊससमोर मांडव, मांडवात रायगड. पुरुषभर उंच. थर्माकोलचे कडे, फवाऱ्याने मारलेला रंग, एलईडीच्या माळा, स्पीकरवर पोवाडा. चार वडील मोबाईल सरसावून उभे आहेत. किल्ला देखणा आहे यात शंका नाही. जगदीश्वराचं देऊळ, गंगासागर आणि मनोरे ओळखू येतात, टकमक टोकाचा सुळका तर अंगावर येतो. थर्माकोल बघून सर पर्यावरणाच्या रकान्यात शून्य काढतात, तेही कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही असं.

आठवीतला मुलगा माईक हातात घेतो. वाणी स्वच्छ, कुठे अडखळणं नाही. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक, हिरोजी इंदुलकरांचं बांधकाम, हिरकणीची गोष्ट. मग तो लेझरचा लाल ठिपका बाजारपेठेवर नेतो. "इथली दुकानं पहा. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी, म्हणून दुकानांची जोती इतकी उंच बांधली होती."

"कशावरून?" सर विचारतात.

मुलगा माईक खाली घेतो. "गाईडने सांगितलं."

"गाईडला कशावरून कळलं?"

"सर, तिथे सगळेच गाईड सांगतात," एक वडील मधे पडतात. "प्रसिद्ध आहे ते."

"असेल. मी त्याला विचारतोय."

पोवाडा चालूच आहे, कुणीतरी तो बंद करतं. ताई जरा मऊ आवाजात म्हणते, "रायगडावर पाऊस कसा कोसळतो माहितीये ना? जोतं उंच असण्याला ओल हेही कारण असू शकतं. तळाशी माल ठेवायची सोय असेल. कारणं बरीच निघतील. यातलं कुठलं धरायचं, हे कसं ठरवशील?" मुलगा उत्तर देत नाही, पण तो आता वडिलांकडे बघत नाहीये, बाजारपेठेकडे बघतोय. तिथे त्याने स्वतः ठेवलेला एक प्लास्टिकचा घोडेस्वार आहे. दुकानाचं थर्माकोलचं जोतं घोड्याच्या गुडघ्याला लागतंय. स्वाराला काही घ्यायचं तर खाली वाकून जमिनीला हात लावावा लागेल.

तोही ते बघतो. कान लाल होतात.

परत निघताना कार्यकर्ता सरांच्या कानाशी लागतो. "सर, इथली वर्गणी चांगली असते. जरा बघा." सर त्याच्याकडे बघतात, म्हणतात, "बघितलं की." आणि स्कूटरवर बसतात.

शेवटचा थांबा एका जुन्या वसाहतीत आहे. बैठ्या घरांच्या मागे, पाण्याच्या टाकीशेजारी, तीन मातीचे ढीग. त्यातला एक कालच्या सड्याने खचलाय. चार मुली आणि एक मुलगा रांगेत उभे आहेत. मावळे डोंगराएवढे दिसतात, तोफेचा गाडा म्हणून सेलोटेपची रिकामी चकती लावलीय.

"जिंजी," सर्वांत उंच मुलगी जाहीर करते. "राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी. तीन डोंगर, मिळून एक किल्ला."

"जिंजी कशी सुचली?"

सगळ्यांची बोटं त्या एकट्या मुलाकडे वळतात. त्याचं आजोळ तिरुवण्णामलैचं. सुट्टीत जाताना रस्त्यातून हा किल्ला दिसतो. शाळेत मराठ्यांच्या किल्ल्यांच्या यादीत आपल्या गावाजवळचं नाव ऐकून तो उडालाच. "मला वाटायचं तो आमचा आहे," तो म्हणतो, मग घाईने पुढे जोडतो, "म्हणजे दोघांचा."

किल्ल्यामागच्या भिंतीवर तीन कार्डशीट चिकटवलेत. पांढऱ्यावर वर लिहिलंय "पुरावा आहे", पिवळ्यावर "लोक सांगतात", निळ्यावर "अजून कळलं नाही".

ताई माझ्या हाताला कोपर लावते.

पांढऱ्या कागदावर: १६७७ मध्ये दक्षिणेच्या स्वारीत महाराजांनी जिंजी घेतली. १६८९ मध्ये संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून इथे आले. १६९० पासून झुल्फिकारखानाचा वेढा, १६९८ मध्ये किल्ला पडला, पण महाराज त्याआधीच निसटले होते. कृष्णाजी अनंत सभासदाने शिवाजी महाराजांची बखर इथेच लिहिली. प्रत्येक ओळीपुढे कंसात पुस्तकाचं नाव आहे, काही ठिकाणी पानही.

"आठ वर्षं वेढा," सर म्हणतात. "रोज लढाई होत होती का?"

"आम्हीपण तेच भांडलो," उंच मुलगी म्हणते. "हिचं म्हणणं रोज. पण मग आतले लोक खाणार काय? पुस्तकात मिळालं की संताजी आणि धनाजी बाहेरून येऊन मोगलांनाच सतावायचे. म्हणजे वेढा घालणाऱ्यांनाच वेढा. मधेमधे तो सैल पडायचा." ती राजगिरीच्या भोवती मांडलेल्या मोगल सैनिकांकडे बोट दाखवते. खरंच, त्यांतले निम्मे बाहेरच्या बाजूला तोंड करून उभे आहेत.

पिवळ्या कागदावर राजा देसिंग आहे. हा आजोळचा वाटा. मराठ्यांच्या नंतरचा हा राजपूत राजा, तमिळ लोकगीतांत अजून गायला जातो. मुलाच्या पाटीने, म्हणजे आजीने, त्याची गोष्ट तासभर सांगितली, ती त्याने फोनवर ऐकून मराठीत आणली. "राजा होता आणि १७१४ मध्ये अर्काटच्या नवाबाशी लढताना मेला, हे पांढऱ्यावर गेलं," तो समजावतो. "त्याच्या घोड्याच्या करामती पिवळ्यावर. पाटी रागावली. ती म्हणते सगळंच खरं आहे."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, पिवळा म्हणजे खोटं नाही. पिवळा म्हणजे तू सांगितलंस."

निळ्या कागदावर एकच ओळ आहे: राजाराम महाराज वेढ्यातून नेमके कसे निसटले? खाली दोन पुस्तकांची नावं आणि बारीक अक्षरात, "दोन्हीकडे वेगळं दिलंय."

सर फलकासमोर उभे राहतात. या कागदावर ते एकही प्रश्न विचारत नाहीत. पेनाचं टोपण लावतात, काढतात, पुन्हा लावतात.

मंडळाच्या कचेरीत चकल्यांचं ताट मधे ठेवून आम्ही बेरजा मारतो. बेरीज सरळ सांगते: राजगड पहिला, रायगड दुसरा, जिंजी चौथी. तीन ढिगांना साम्याचे गुण देणार किती?

"माहितीचे तीस," ताई म्हणते, "यात माहिती किती आहे तेवढंच बघायचं, की ती कुठून आली तेही?"

"पत्रिकेत तसं लिहिलेलं नाही," मी म्हणतो. "मुलांना आधी न सांगता नियम बदलायचा?"

सर चकली मोडतात. "नियम कुठे बदलतोय? इतिहासात माहिती म्हणजे कुठून आली ती धरूनच. नाहीतर ती ऐकीव. वर्गात मी हेच शिकवत आलो आणि परीक्षेत मात्र सनावळीचे मार्क देत आलो, कारण तपासायला ते सोपं." ते पत्रिकांचा गठ्ठा पुढे ओढतात. "'कशावरून' हा प्रश्न आपण सगळ्यांना कुठल्या ना कुठल्या रूपात विचारलाय. एकालाच विचारला असता तर अन्याय होता. उत्तरं समोर आहेत. त्यावर माहितीचे गुण पुन्हा देऊ, पण सगळ्यांचे. आणि प्रत्येक पत्रिकेवर दोन ओळी लिहू, गुण का दिले आणि का कापले."

हे वेळखाऊ काम आहे. सिंधुदुर्गाच्या मुलीने आजोबांच्या उत्तरावर समाधान मानलं नाही, म्हणून तिचे गुण वाढतात. राजगडाचे कमी होत नाहीत, कारण व्हिडिओ हा त्यांचा पुरावाच. रायगडाचे घटतात. जिंजी वर सरकते आणि शेवटी राजगड आणि जिंजीमध्ये एका गुणाचा फरक उरतो. त्या एका गुणावर आम्ही बाकीच्या सगळ्यापेक्षा जास्त वाद घालतो. ताई जिंजीच्या बाजूने, मी राजगडाच्या, कारण मातीचं काम हेही वाचनच आहे, चिलखती बुरूज न समजता तो बांधता येत नाही. सर ऐकून घेतात आणि निळ्या कागदाचा एक गुण जिंजीला देतात. विमानवाल्या किल्ल्याला उत्तेजनार्थ. प्रमाणपत्रावर किल्ल्याच्या नावाची जागा आत्यासाठी कोरी.

संध्याकाळी मैदानात निकाल जाहीर होतो. फटाक्यांच्या धुरात नावं पुकारली जातात, जिंजीवाले पाचही जण एकदम मंचावर चढतात, कारण पुढे कुणी जायचं ते ठरलेलं नाही. गर्दी पांगत असताना रायगडाचा मुलगा आमच्या टेबलाशी येतो. वडील दूर गाडीपाशी उभे आहेत. त्याच्या हातात गुणपत्रिका आहे, आमच्या दोन ओळींची.

"सर, घोड्यावरून खरेदी करायचे याला पुरावा नाही, असं लिहिलंय तुम्ही."

"तू दिला नाहीस, असं लिहिलंय."

"मग करत नव्हते, हे तरी कशावरून?"

सर खुर्चीत सरसावून बसतात. "करत नव्हते असं मी म्हटलेलंच नाही. जो विधान करतो त्याने दाखवायचं. विधान तुझं होतं."

मुलगा पत्रिकेची घडी घालतो, उलगडतो. "डिसेंबरमध्ये शाळेची ट्रिप रायगडला आहे. मी जोत्याची उंची मोजून आणली तर?"

"आण की. आणि घोड्याची?"

"घोडा इथे मिळेल. तुळशीचं लग्न झालं की वराती सुरू होतात."

"वरातीचा घोडा चालणार नाही," सर म्हणतात. "मराठ्यांची घोडी भीमथडीची. अंगाने लहान."

"किती लहान?"

"ते तू शोध."

दुरून गाडीचा हॉर्न वाजतो. मुलगा हात वर करून वडिलांना थांबायची खूण करतो, टेबलावरचं माझं पेन उचलतो आणि पत्रिकेच्या पाठीमागे लिहायला लागतो. "सर, भीमथडी. पहिलं अक्षर दीर्घ ना? आणि हे कुठल्या पुस्तकात मिळेल?"